कासारवडवलीची पोलो, लाहौलचा बर्फ आणि जाम झालेले आटे: एका कॉइलओव्हर संचाचं प्रकरण

नोव्हेंबर संपत आला असताना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजच्या गाळ्यात एक फोक्सवॅगन पोलो आली. मालक कासारवडवलीचे, तिशीतले. मागणी एका वाक्यात होती: "दादा, जानेवारीत लाहौलला जायचंय, गाडी इंचभर वर करून द्या." गाडीला कॉइलओव्हर होते, म्हणजे उंची आणि कडकपणा दोन्ही बदलता येणारं सस्पेन्शन. तीन पावसाळ्यांपूर्वी दुसरीकडे बसवून घेतलेला संच. गाडी तेव्हा खाली केली आणि त्यानंतर कॉलरला, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते आणि जी फिरवून उंची बदलते त्या आटेदार रिंगला, कुणी हात लावलेला नव्हता.

कागदावर हे काम अर्ध्या दिवसाचं. गाडी लिफ्टवर घ्यायची, कॉलर फिरवायच्या, मापं घ्यायची, अलाइनमेंट करून चावी द्यायची. प्रत्यक्षात तसं झालं नाही, आणि जे झालं ते सविस्तर मांडण्यासारखं आहे. बर्फात कॉइलओव्हर चालवण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक जर्मनी-कॅनडाकडचं असतं. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि हिवाळाच आट्यांना खातो. आपल्याकडच्या गाडीला बर्फ भेटतो तो वर्षातले चार दिवस. मीठ मात्र तिला आधीच भेटलेलं असतं, घोडबंदर रोडला, खाडीच्या वाऱ्यात आणि पावसाच्या चिखलात.

गाडी आली तेव्हाची स्थिती

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे 340 मि.मी. भरलं. मागे डावीकडे 346 आणि उजवीकडे 341. मागच्या दोन बाजूंमधला हा फरक मालकांना माहीत नव्हता. गाडी सरळ रस्त्यावर किंचित एका अंगाला झुकते एवढंच त्यांच्या वडिलांनी कधीतरी म्हटलं होतं. टायर 185/60 आर 15, साधे उन्हाळी. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या कडा बाहेरच्या कडांपेक्षा जास्त झिजलेल्या. खाली केलेल्या गाडीत हे नेहमी दिसतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वाढलेला असतो, पण टायर खाणारा खरा दोषी बहुतेकदा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, हा असतो.

चाकं काढल्यावर मुख्य गोष्ट दिसली. पुढच्या डाव्या शॉकअपवरची स्प्रिंगची कॉलर आणि तिच्याखालची लॉक रिंग एकमेकींना चिकटून गेल्या होत्या, आणि मध्ये पांढरट, खडूच्या भुकटीसारखा थर होता. हा गंज लोखंडाचा नाही, अल्युमिनियमचा. शॉकअपची नळी पोलादी, वर जस्ताचा मुलामा. कॉलर अल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारा ओलावा, एवढं जुळलं की बॅटरीचा सेल तयार होतो. त्यात आधी मुलाम्याचं जस्त खपतं. मुलामा खरवडला गेला की अल्युमिनियम खपायला लागतं, आणि त्याची भुकटी आट्यांत फुगून कॉलर घट्ट धरून ठेवते. थंड देशांत रस्त्यावरच्या मिठामुळे अगदी हेच होतं. साधं मीठ साधारण उणे 9 अंशांपर्यंतच नीट काम करतं, त्याखाली मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही क्षारं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे रस्ता सुकला तरी आटे ओलेच राहतात. तिकडचे पुष्कळ लोक नोव्हेंबरात कॉइलओव्हर काढून मूळ शॉकअप बसवतात आणि वसंतात परत बदलतात, त्यामागचं कारण हे.

तोच मार्ग आम्ही पहिल्यांदा सुचवला. मूळ संच चांगला असेल तर बर्फासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. उंची कंपनीने ठरवलेली, स्प्रिंगची बैठक टायरपासून लांब, आणि जाम होईल असं काहीच नाही. मालकांनी मूळ शॉकअप सोसायटीच्या स्टोअररूममध्ये नीट ठेवले होते, ही चांगली गोष्ट. पण पुढच्या एकातून तेल गळून दांड्यावर धूळ बसली होती आणि दुसऱ्याचा दांडा दाबल्यावर परत वरच येत नव्हता. नवे घ्यायचे तर खर्च वाढणार आणि नंतर ते पुन्हा पडून राहणार. म्हणून आहे तोच संच हिवाळ्यासाठी तयार करायचं ठरलं.

मूळ भाग जपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होईल. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याच बाजूने निकाल दिला. विमा कंपनीने किंवा आरटीओने विचारलं तर मूळ भाग हाताशी असलेले बरे. मालकांना हे आधीच स्पष्ट सांगितलं.

कॉलर सोडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो घालवण्यासारखाच होता. जाम कॉलरला लांब पाइप लावून झटका देणारे पुष्कळ असतात. खाचेत अडकवून कॉलर फिरवायचा सी-स्पॅनर निसटतो, कॉलरच्या खाचा उडतात, आणि वाईट नशीब असेल तर नळीवरचे आटेच सोलून निघतात. कॉलर बाजारात सुटी मिळते. आटे गेले तर अख्खा शॉकअप गेला. कुठला भाग वाचवायचा हे त्यावरूनच ठरतं.

आधी स्प्रिंगवरचा भार काढला. गाडीचं वजन स्प्रिंगवर असताना कॉलर फिरवणं हा आट्यांवर अत्याचार आहे. मग कॉलरच्या वरचे मोकळे आटे नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने खळाळून धुतले, कारण सोडवताना कॉलर मागेपुढे त्याच आट्यांवरून फिरणार होती. वाटेत वाळूचा एक कण जरी राहिला तरी मऊ अल्युमिनियम खरवडलं जातं. त्यानंतर आत झिरपणारं तेल मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी डावी पुढची कॉलर हलली नाही. आमच्याकडच्या पोराने गॅसची शेगडी आणू का विचारलं. पुढच्या शॉकअपला ज्योत लावायची नाही, कधीच नाही. आत तेल आहे आणि दाबाखालचा वायू आहे. सील जळणं हा त्यातला सौम्य परिणाम, नळी फुटणंही शक्य आहे. आम्ही हॉट एअर गनने फक्त कॉलर गरम केली, हात लावला तर पटकन मागे घ्यावा लागेल इतपतच. अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साठेक मि.मी. व्यासाच्या कॉलरमध्ये तेवढ्या उष्णतेने मिळणारी फट मिलिमीटरच्या पाच-शंभरांशांपेक्षाही कमी असते. पण आट्यांतली भुकटी तडकायला तेवढी पुरते. लॉक रिंग आधी सुटली. कॉलर आधी किंचित खालच्या बाजूला, मग वर, पुन्हा खाली, असं मागेपुढे करत तेल मारत मारत फिरली. निघालेलं तेल राखाडी होतं आणि बोटांना बारीक रेतीसारखं लागत होतं.

मागची गोष्ट वेगळी आहे. पोलोला मागे एकसंध बीम असतो. स्प्रिंग आणि शॉकअप तिथे वेगवेगळ्या जागी बसतात, आणि उंचीची आटेदार बैठक स्प्रिंगच्या टोकाला असते. चिखल थेट त्यावर उडतो आणि पाण्याचा झोतही तिथे क्वचितच पोचतो. डावी बैठक तेलाने सुटली. उजवी कशालाच बधली नाही. मागच्या दोन बाजूंत पाच मि.मी. फरक कुठून आला ते तेव्हा उमगलं. संच बसवल्यावर काही आठवड्यांनी स्प्रिंगा बसतात आणि उंची पुन्हा सारखी करून घ्यावी लागते. ती करून घेतली गेलीच नव्हती आणि पुढच्या पावसाळ्यांनी ती संधी बंद करून टाकली.

शेजारच्या गाळ्यात लेथवर काम करणारे नाना आहेत. ते आले, चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं नुसते बघत बसले आणि म्हणाले, "कॉलर कापा, आटा ठेवा." कॉलरला दोन समोरासमोरच्या ठिकाणी हॅकसॉने आट्यांच्या अगदी जवळपर्यंत खाच पाडली. उरलेला पातळ पदर छिन्नीच्या हलक्या टोल्याने फुटला आणि कॉलर दोन तुकड्यांत हातात आली. आट्यांना ओरखडा नाही. संचाच्या विक्रेत्याकडून नवी कॉलर मागवली. ती येईपर्यंत गाडी गाळ्यातच राहिली.

वर करायची, पण कुठून

मालकांच्या मित्राने सांगितलं होतं की स्प्रिंगची कॉलर फिरवत वर न्या, गाडी वर येईल, फक्त थोडी कडक होईल. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा चुकीचा. आणि जे खरोखर बिघडतं त्याचा यात उल्लेखच नाही.

या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर येणारं वजन साधारण 300 किलो. स्प्रिंग 5 किलो प्रति मि.मी.ची. म्हणजे गाडी उभी असताना ती 60 मि.मी. दबलेली असते, कॉलर वर असो की खाली. वजन तेच, स्प्रिंग तीच, दबणंही तेच. म्हणून सरळ दराच्या, म्हणजे प्रत्येक मि.मी.ला सारखाच जोर लागणाऱ्या, स्प्रिंगमध्ये कॉलर वर नेल्याने गाडी कडक होत नाही. बदलतं ते चाकाचं खाली लटकणं. बसवताना स्प्रिंग 5 मि.मी. आधीच दाबलेली असेल, तर चाकाला खाली जायला 55 मि.मी. वाव उरतो. कॉलर 25 मि.मी. वर नेली की हा वाव 30 वर येतो. चाक खड्ड्यात किंवा गोठलेल्या चाकोरीत उतरायला जातं, 30 मि.मी. गेल्यावर शॉकअप पूर्ण उघडतो आणि चाक हवेत राहतं. डांबरी रस्त्यावर हा क्षण कळतही नाही. बर्फावर त्या चाकाची पकड जाते, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं तेच चाक ओढणारं असतं.

या संचात पुढे दुसरा मार्ग होता. शॉकअपच्या खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो. तो फिरवून खाली सरकवला की अख्खी नळी, स्प्रिंग आणि तिच्या बैठकीसकट, चाकाच्या मानाने वर सरकते. स्प्रिंगचा ताण आणि शॉकअपचा वर-खाली वाव जसाच्या तसा राहतो, लांबी तेवढी वाढते. अट एकच. ब्रॅकेटच्या आत किमान किती आटे राहिले पाहिजेत ते उत्पादकाने दिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. इथे 25 मि.मी. सरकवूनही भरपूर शिल्लक होते. आटे 2 मि.मी. अंतराचे, त्यामुळे साडेबारा फेरे. ब्रॅकेटची लॉक रिंग दिलेल्या टॉर्कनेच आवळली.

ज्या संचांत ब्रॅकेट फिरत नाही आणि फक्त स्प्रिंगची कॉलर आहे, त्यांत बर्फासाठी फार वर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. 10-12 मि.मी. चालेल. त्याहून जास्त हवी असेल तर लांब स्प्रिंग आणि लांब शॉकअपचा संच लागतो, नाहीतर मूळ संच बसवावा.

मागे मात्र दुसरा पर्याय नाही, बैठकच फिरवायची. बीमवर स्प्रिंग चाकापेक्षा फिरण्याच्या टोकाच्या जवळ असते, म्हणून बैठक जितकी फिरवाल त्यापेक्षा चाकापाशी उंची जास्त वाढते. आम्ही थोडं थोडं फिरवून, गाडी खाली उतरवून, हलवून, पुन्हा मोजत गेलो. मागे एक फायदाही झाला. आखूड स्प्रिंगा खाली केलेल्या गाडीत चाक लटकलं की बैठकीत सैल होतात, आणि खालून येणारा खडखड आवाज त्याचाच होता. बैठक वर गेल्यावर तो थांबला. डिकीत सामान भरल्यावर मागची बाजू बसणार, हे धरून मागे मुद्दाम दोन-तीन मि.मी. जास्त ठेवली. शेवटची मापं पुढे 365 आणि मागे 368, दोन्ही बाजूंना.

साखळी आणि कॉलर यांच्यामधली फट

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग हा, आणि याचा विचार फारच कमी लोक करतात. बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा बर्फात पकडीसाठी टायरवर साखळी लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. पोलोला साखळी पुढच्या चाकांना लागणार. साखळी टायरच्या बाहेरूनच नाही, आतल्या बाजूनेही जाते, म्हणजे टायर आणि शॉकअप यांच्या मधून. मूळ शॉकअपमध्ये स्प्रिंगची बैठक टायरच्या वर असते. कॉइलओव्हरची कॉलर खाली सरकलेली असते आणि कित्येकदा टायरच्या भिंतीशेजारीच येते.

गाडी खाली असताना कॉलरची कड आणि टायर यांच्यात जेमतेम 10 मि.मी. फट होती. बारीक कड्यांची साखळी 9 मि.मी.ची म्हणून विकली जाते. 10 मध्ये 9 बसते असं हिशेबाने वाटेल, पण वेगात साखळी बाहेर फेकली जाते आणि वळताना टायरची भिंत दबते. ती कॉलर साखळीने फोडली असती, किंवा कॉलरने साखळी तोडली असती, आणि ब्रेकची नळीही तिथून लांब नाही. ब्रॅकेटने वर गेल्यामुळे कॉलर टायरच्या खांद्याच्या वर, जिथे टायर आत वळतो तिथे गेली, आणि तीच फट 17 मि.मी. झाली. नळी आणि टायर यांच्यात 15. स्प्रिंगची कॉलर फिरवून गाडी वर केली असती तरी कॉलर वर गेली असती, पण चाक लटकण्याचा वाव आपण त्यात घालवला असता.

साखळी गाळ्यातच लावून पाहिली. मालकांनी स्वतः लावली, आम्ही नुसते शेजारी उभे होतो, कारण सोलंगच्या पुढे गुडघाभर बर्फात ती त्यांनाच लावायची होती. मग चाक हाताने फिरवलं, स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेलं, आणि चाकाखाली जॅक घेऊन सस्पेन्शन दाबून पुन्हा फिरवलं. कॉलरवर खडूची रेघ मारली होती. ती पुसली गेली नाही. त्यांचे वडील सोबत आले होते. त्यांनी लेकाला विचारलं, "हे दुकानदाराने का नाही सांगितलं?" त्याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

कडकपणा, टायर, अलाइनमेंट

शॉकअपचा नॉब पूर्ण मऊकडून मोजून पुढे 4 आणि मागे 3 क्लिकवर ठेवला. आधी पुढे 11 होता. थंडीत तेल घट्ट होतं, रबरी बुश आणि बंप स्टॉपही कडक होतात, म्हणजे गाडी तिथे जाऊन आपोआप कडक होणारच. शिवाय सुक्या डांबरावर टायरची पकड 0.8 च्या आसपास असेल तर दाबलेल्या बर्फावर ती 0.2-0.3 वर येते. वळणावर गाडी कलायला तेवढा जोरच मिळत नाही, म्हणून कडक शॉकअपचा फायदा काही नाही. तोटा मात्र आहे. दबलेली स्प्रिंग उघडताना शॉकअप तिला धरून ठेवतो आणि चाक जमिनीवर वेळेत पोचत नाही.

गाडी वर आली की कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात. स्प्रिंगा पुन्हा बसाव्यात म्हणून मालकांना काही दिवस रोजची ये-जा करू दिली. गायमुखचा उतार आणि तिथला रस्ता या कामाला पुरेसा आहे. मग उंची पुन्हा मोजली आणि त्यानंतरच अलाइनमेंट केली. पुढचा कॅम्बर उणे 1 अंश 20 मिनिटांवरून उणे 45 मिनिटांवर आला, टो शून्याच्या जवळ ठेवला. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावला, कारण नाक वर गेल्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

टायरबद्दल मालकांना कडक शब्दांत सांगावं लागलं. उन्हाळी टायरचं रबर 7 अंशांखाली कडक होत जातं आणि सस्पेन्शनमध्ये कितीही कौशल्य दाखवलं तरी ते भरून निघत नाही. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला हिवाळी टायर या मापात आम्ही ठाण्यात विचारला, मिळाला नाही. म्हणून निर्णय असा झाला की ताजा बर्फ असेल तर साखळी, आणि पहाटेचा काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावरचा न दिसणारा पातळ बर्फाचा थर, असेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही. काळ्या बर्फावर उतारात साध्या टायरने जाण्याला माझ्याकडे कुठलंही सेटिंग नाही.

हवेच्या दाबाची एक गंमतशीर गोष्ट त्यांना लिहून दिली होती. ठाण्यात 30 अंशांना 33 पीएसआय भरलेला टायर समुद्रसपाटीवरच उणे 10 अंशांना नेला, तर गेज 27 च्या जवळ दाखवील. पण लाहौल समुद्रसपाटीवर नाही. मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा 3,000 मीटरच्या वर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाबच साधारण 10 पीएसआय, आणि गेज आतला-बाहेरचा फरक दाखवतं. त्यामुळे तिथे आकडा 31 च्या आसपास येतो. म्हणून वर पोचल्यावर घाबरून हवा भरू नका, आणि परत खाली गरम मैदानात आल्यावर मात्र नक्की तपासा, एवढंच सांगितलं.

आट्यांना काय लावलं

उघड्या आट्यांवर साधं ग्रीस लावायचं नाही. ते धूळ धरतं आणि धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे घासायची पेस्ट. कॉलरच्या आत, जिथे आटे आट्यांना भेटतात, तिथे अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात दिला. बाहेरच्या आट्यांवर मेणासारखा सुकणारा थर मारला, पोकळ पत्र्यात गंज रोखायला मारतात तो. कापडी किंवा निओप्रीनचे कव्हर घालावेत का, असं मालकांनी विचारलं. बर्फाळ देशांतले कित्येक जण घालतात. आम्ही नाही घातले. ठाण्यासारख्या दमट जागी कव्हरच्या आत शिरलेलं पाणी सुकत नाही, आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. वरच्या नॉबवर, बॉनेटखाली जिथे पाणी साचून गोठू शकतं, तिथे रबरी टोप्या बसवल्या.

परत आल्यावर

गाडी सुमारे 4,000 किलोमीटर चालून जानेवारीच्या शेवटी पुन्हा लिफ्टवर आली. साखळी दोन ठिकाणी लावावी लागली होती, एकदा सोलंगच्या पुढे आणि एकदा लाहौलमधल्या सिस्सू गावाजवळ. कॉलरवर साखळीची खूण नव्हती. दुसरीच एक खूण होती. डाव्या फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर हाताएवढा चकाकता पट्टा. मालकांनी सांगितलं की सिस्सूला रात्री गाडी उभी होती, चाकाच्या वर साचलेला ओला बर्फ सकाळपर्यंत दगड झाला, आणि स्टीअरिंग वळवताच टायर त्याला घासू लागला. लाकडी दांड्याने ठोकून तो पाडला तेव्हा आवाज थांबला. खाली केलेल्या उंचीला तोच बर्फ टायरवर बसला असता आणि चाक फिरलंही नसतं. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी रात्री गाडी लावताना चाकांच्या वरचा ओला बर्फ तेव्हाच झाडून टाकावा, गोठण्याची वाट पाहू नये.

सकाळी पहिले काही किलोमीटर सस्पेन्शन जवळजवळ हलायचंच नाही, मग सैल व्हायचं, असंही ते म्हणाले. शॉकअपमधलं तेल गरम झाल्याचं ते लक्षण. मऊ सेटिंग ठेवलं नसतं तर हा टप्पा जास्त त्रासदायक झाला असता.

आट्यांत रस्त्यावर टाकलेली रेती आणि चिखल घट्ट भरला होता, विशेषतः मागे. पण मेणाच्या थरामुळे तो पाण्याच्या साध्या झोताने निघाला आणि चारही कॉलर हाताच्या जोराने फिरल्या. अलाइनमेंटमध्ये पुढचा टो थोडा सरकलेला, तो परत लावला. मागच्या उजव्या नव्या कॉलरची लॉक रिंग पाव फेरा ढिली सापडली, ती आवळली. पुढच्या उजव्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा बेअरिंग मात्र उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना कुरकुरतोय. तो हिवाळ्याने गेला की आधीच जायला आला होता, हे सांगता येणार नाही, पण नवा मागवला आहे.

उंचीचं काय करायचं, यावर घरात चर्चा झालेली दिसली. मालकांना गाडी पुन्हा खाली हवी होती, वडिलांना नको होती. मधला मार्ग निघाला. ब्रॅकेटने 10 मि.मी. खाली, म्हणजे पुढे 355, मागे त्याला जुळेल तसं, आणि नॉब पुढे 7 वर. सोसायटीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर आता पोट न घासता जातो. मेअखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत, बेअरिंग बदलायला गाडी येईल तेव्हा चारही कॉलर सोडून दोन फेरे वर, दोन फेरे खाली फिरवायच्या, आटे धुऊन मेणाचा थर पुन्हा द्यायचा. सी-स्पॅनर मालकांनी स्वतःसाठीही विकत घेतला आहे. ते काम या वेळी त्यांनीच करायचं, असं ठरलं आहे.